समोरून ठोकलेली सॅल्व्हेज एसटीआय पुन्हा पुन्हा तापते तेव्हा

समोरून ठोकलेल्या, विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्तीला न परवडणाऱ्या) ठरवलेल्या आणि सॅल्व्हेज टायटलवर, म्हणजे तशी नोंद असलेल्या मालकीपत्रावर, लिलावात निघालेल्या सहा सुबारू एसटीआय या टर्बो इंजिनाच्या गाड्या मी गेल्या काही वर्षांत न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजात दुरुस्त केल्या आहेत. प्रत्येकीचा रंग, वर्ष आणि धडकेची जागा निराळी होती. पण बॉनेट, बंपर आणि दिवे बसवून गाडी रस्त्यावर आली की पंधरा दिवसांच्या आत इंजिन तापण्याची तक्रार सहापैकी पाच गाड्यांनी केली. त्या पाचांपैकी फक्त एकीचे हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या मधले सील, गेले होते. उरलेल्या चार गाड्यांना दोनशे डॉलरच्या आतला खर्च पुरला, आणि तरीही त्यांतल्या दोघींच्या आधीच्या मालकांना ‘इंजिन खोलावे लागेल’ असे सांगण्यात आले होते. पुढचा क्रम त्या अनुभवातून तयार झालेला आहे.

लक्षणे

गाडी नेमकी केव्हा तापते, हे सर्वांत आधी लिहून काढावे, कारण निम्मे निदान तिथेच होते. सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत उभी असताना तापमान चढत असेल आणि महामार्गावर वेग घेतल्यावर उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्यांचा असतो, कारण वेगात असताना पंख्यांचे काम समोरून येणारा वाराच करतो. याच्या उलट, उभी असताना गाडी शांत राहत असेल आणि चढावर किंवा जोरात हाकताना तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबला आहे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पुरेसे फिरत नाही, हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते आहे किंवा ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे, यांपैकी काहीतरी असते. इंजिन मंद फिरताना हीटरमधून थंड हवा यावी आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती गरम व्हावी, हे कूलंट कमी असल्याचे किंवा आत हवा अडकल्याचे लक्षण आहे. शेवटचे लक्षण नीट लक्षात ठेवावे: फिरून आल्यावर ओव्हरफ्लोची बाटली काठोकाठ भरते आणि रात्रभर गाडी थंड झाल्यावरही ते कूलंट परत ओढले जात नाही. यामागे पंधरा डॉलरचे टोपण असू शकते, किंवा काही हजार डॉलरचे हेड गॅसकेट.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर मात्र विसंबू नये. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मुद्दाम मध्यभागी स्थिर राहील अशी त्याची रचना असते, आणि तो हलू लागतो तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक मोटारीला ओबीडी-२ चे, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याचे, सॉकेट आहे. त्यात बसणारा वीस-पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ रीडर घ्यावा आणि फोनवर कूलंटचे खरे तापमान पाहावे. माझ्या गाड्या निरोगी असताना ८८ ते ९६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहतात आणि उन्हाळ्यात कोंडीत शंभरीला टेकून पंखे लागल्यावर खाली येतात. १०५ च्या वर आकडा गेला की मी गाडी बाजूला घेऊन बंद करतो. ‘घरापर्यंत पोचू दे, मग बघू’ असे म्हणत मी कधीच पुढे जात नाही, कारण या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि ते वाकायला शेवटचे दोन मैल पुरतात.

टोपणे आणि कूलंटची पातळी

ही तपासणी फुकट आहे आणि ती पूर्ण थंड इंजिनावरच करायची आहे. गरम टोपण उघडल्यास उकळते कूलंट अंगावर येते. एसटीआयला दाब धरणारी टोपणे दोन असतात, एक रेडिएटरवर आणि दुसरे टर्बोच्या बाजूला, इंटरकूलरशेजारच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीशेजारच्या) छोट्या टाकीवर. ही टाकी प्रणालीतला सर्वांत उंच बिंदू असल्यामुळे कूलंट तिथूनच भरायचे असते. दोन्ही टोपणे वरवर सारखी दिसतात, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि धडकेनंतर सगळे सुटे करून पुन्हा जोडताना त्यांची अदलाबदल होते किंवा एखादे हरवून त्याच्या जागी दुकानात मिळेल ते बसवले जाते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीवर चक्क होंडाचे टोपण होते.

टोपणाला एवढे महत्त्व देण्याचे कारण साधे आहे. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट यांचे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते, आणि तेच मिश्रण सुमारे १.१ बार दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे द्रवरूप राहते. टोपणाने दाब सोडला की ही सगळी राखीव मर्यादा जाते, टर्बोजवळच्या गरम भागात वाफ धरते आणि निरोगी इंजिनही आजारी वाटू लागते. दोन्ही टोपणे सुबारूची, त्या वर्षासाठीच्या क्रमांकाची घ्यावीत. कूलंट कुठल्या रंगाचे आहे तेही पाहावे. साधारण २००९ नंतरच्या गाड्यांत निळे असते, आणि लिलावाच्या आवारातून आलेल्या गाडीत हिरवे, निळे आणि नळाचे पाणी यांची खिचडी सर्रास सापडते. तशी सापडली तर सगळे काढून टाकावे. सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे. ते गोड लागते, विषारी असते, आणि शेजारच्या कुत्र्या-मांजरांना हे कोणी सांगितलेले नसते.

पंखे, आणि कागदाची परीक्षा

इंजिन सुरू करून एसी लावावा. रेडिएटरच्या मागचे दोन्ही पंखे फिरू लागले पाहिजेत. एकच फिरत असेल किंवा एकही फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) पाहावेत. त्यांचा डबा इंजिनखान्यात डाव्या बाजूला, बॅटरीजवळ असतो, आणि डाव्या कोपऱ्यावर धडक बसलेल्या गाडीत त्याच्या खालच्या बाजूला तडा जाऊन आत पाणी शिरते. वरून सगळे ठाकठीक दिसते, रिले उपटून काढल्यावर मात्र पायांवर हिरवट गंज दिसतो. शेजारच्या सारख्या रिलेशी अदलाबदल करून पाहायला काही खर्च येत नाही.

पंखे फिरतात एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. २०१३ च्या एका गडद निळ्या एसटीआयने मला तीन आठवडे छळले. कोंडीत ती हटकून १०८ पर्यंत जायची आणि मोकळ्या रस्त्यावर ९२ वर यायची. पंखे दोन्ही फिरत होते, आवाजही चांगला होता. मी थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला वाट देणारी झडप) बदलला, हवा दोनदा काढली, आणि शेवटी वैतागून पुढच्या जाळीसमोर वहीचा एक कागद धरला. उजव्या बाजूला कागद रेडिएटरसमोरच्या एसीच्या कंडेन्सरला चिकटून बसला; डाव्या बाजूला तो माझ्या हातातून उडून ड्राइव्हवेवर पडला. डाव्या पंख्याच्या तारा कोणीतरी कापून पुन्हा जोडल्या होत्या आणि जोडताना उलट जोडल्या होत्या. दोन तारांची ही मोटर उलट जोडली की उलट फिरते, आणि पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनखान्यातली गरम हवा रेडिएटरवर फुंकतो. शिवाय शेजारचा पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढून घेतो. तारा सरळ करून, डिंक लावलेले हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून दुरुस्ती संपली, खर्च चार डॉलर. तेव्हापासून गाडी कोणाचीही असो, कागदाची परीक्षा मी पहिल्याच दिवशी घेतो. ती घेताना हात जाळीच्या बाहेर ठेवावा, कारण पंखे सूचना न देता सुरू होतात.

हवेला रेडिएटरमधूनच जायला भाग पाडणे

बंपर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फोमच्या पट्ट्या, बाजूचे प्लास्टिकचे पडदे आणि गाडीच्या पोटाखालचे आवरण हे सगळे भाग बाहेरून दिसत नाहीत, आणि विकण्यासाठी दुरुस्त केलेल्या गाडीत जे दिसत नाही ते बहुधा बसवलेलेच नसते. हवा नेहमी सोपा रस्ता धरते. समोर फट असेल तर ती रेडिएटरच्या बारीक पत्र्यांतून न जाता फटीतून वर किंवा बाजूला निघून जाते. पोटाखालचे आवरण नसेल तर इंजिनखान्यातला दाब वाढून रेडिएटरमधून येणारी हवा अडते. महामार्गावर तापणाऱ्या गाडीत मी हे आधी पाहतो. भंगारातून आणलेले आवरण आणि दुकानातली फोमची पट्टी यांवर साठ-सत्तर डॉलरमध्ये काम होते.

आधीच्या मालकाने समोर मोठा इंटरकूलर बसवला असेल तर तोही विचारात घ्यावा. कारखान्यातून आलेल्या एसटीआयचा इंटरकूलर इंजिनावर असतो आणि बॉनेटवरच्या तोंडातून हवा घेतो. तो काढून रेडिएटरच्या समोर लावला की रेडिएटरला गरम आणि कमी हवा मिळते, आणि मग पट्ट्यांमधली छोटीशी फटही चालत नाही.

अडकलेली हवा

रेडिएटर बदललेल्या प्रत्येक गाडीत ही शंका घ्यावी. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे असतात आणि पाण्याच्या वाटांना वळणे पुष्कळ असतात, त्यामुळे रेडिएटरच्या तोंडातून घाईने कूलंट ओतल्यास आत हवेचे फुगे अडकून राहतात. थर्मोस्टॅटजवळ फुगा आला की त्याला उष्णता नीट कळत नाही, तो उशिरा उघडतो, आणि तापमान अचानक वर जाऊन तितकेच अचानक खाली येते. फोनवरच्या तापमानाच्या आलेखावर करवतीच्या दातांसारखी नक्षी दिसली तर हवा आहे असे समजावे.

पुढची चाके रॅम्पवर चढवून नाक वर करावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, वरच्या टाकीवर गळती न होणारे मोठे नरसाळे बसवावे आणि कूलंट हळूहळू भरावे. रेडिएटरला हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंट येईपर्यंत थांबावे. नंतर इंजिन सुरू करून पंखे दोनदा लागून बंद होईपर्यंत मधूनमधून मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरावे आणि खालचा-वरचा होज (रेडिएटरच्या रबरी नळ्या) हाताने दाबत राहावे. पहिली वीस मिनिटे फुगे येतात आणि मग कमी होत थांबतात. ते थांबलेच नाहीत, चाळीस मिनिटांनंतरही शॅम्पेनसारखे बारीक बुडबुडे एका लयीत येत राहिले, तर ती अडकलेली हवा नव्हे. तेव्हा मधल्या पायऱ्या सोडून थेट ज्वलनवायूच्या तपासणीकडे जावे.

दाबाची तपासणी

ऑटोझोन किंवा ओरायली यांसारख्या दुकानांतून प्रेशर टेस्टर अनामत ठेवून वापरायला मिळतो आणि परत केल्यावर पैसे परत मिळतात. थंड इंजिनावर टाकीला तो जोडून टोपणावर लिहिलेल्या दाबाएवढाच दाब द्यावा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. उतरला तर टॉर्च घेऊन रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमचा गाभा यांच्या सांध्यावर, होजच्या तोंडांवर आणि टर्बोखालच्या छोट्या होजवर ओल शोधावी. बाहेर कुठेच ओल नसताना काटा उतरत असेल, तर कूलंट आत जाते आहे.

नवा रेडिएटर काही महिन्यांत त्याच सांध्यावर पुन्हा गळू लागला, तर रेडिएटरला दोष देऊन तिसरा मागवण्यापूर्वी ज्या चौकटीत तो बसतो ती मोजावी. डावीकडच्या वरच्या बोल्टपासून उजवीकडच्या खालच्या बोल्टपर्यंत आणि त्याच्या उलट असे दोन कर्ण मापायचे. माझा हिशेब असा आहे की फरक चार मिलिमीटरच्या आत असेल तर चालवून घ्यावे. त्याहून जास्त असेल तर रेडिएटर दर धक्क्याला पिळला जातो आणि प्लास्टिक फाटते. चौकट बदलणे हे बॉडीशॉपचे काम आहे. तिच्या मागचे मुख्य रेलही वाकलेले आढळले तर ते मापनाच्या बाकावरच सरळ करायला हवेत. घरी साखळीने ओढून हे होत नाही.

ज्वलनवायूची तपासणी

तीस-चाळीस डॉलरच्या या साधनात निळा द्रव असतो. टाकीच्या तोंडावर ते बसवून, कूलंट थोडे खाली काढून, इंजिन गरम झाल्यावर टाकीतली हवा त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा होतो. कूलंटचा थेंब आत गेला तर परीक्षा बाद होते, तेव्हा घाई करू नये. मी ती दोनदा घेतो, एकदा इंजिन मंद फिरत असताना आणि दुसऱ्यांदा गाडी जोरात चालवून आल्याबरोबर, कारण थोडेसेच गेलेले गॅसकेट टर्बोच्या दाबाखालीच उघडते.

ऑइल स्वच्छ आहे म्हणून हेड गॅसकेट शाबूत आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. डिपस्टिकवर कॉफीसारखा फेस दिसेल अशी लोक वाट पाहत बसतात. या टर्बो इंजिनात मात्र गॅसकेट बहुतेक वेळा सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्या मध्ये फुटते, त्यामुळे ऑइल शेवटपर्यंत सोनेरी राहू शकते आणि कूलंट मात्र बाटलीत ढकलले जात राहते.

द्रव निळाच राहिला, पंखे सरळ फिरतात, हवा नाही आणि दाब टिकतो, तर उरतो थर्मोस्टॅट. तो खाली, पाण्याच्या पंपाच्या प्रवेशाशी बसतो. भांड्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्याने टांगावा आणि स्वयंपाकाचा तापमापक ठेवावा; ७६ ते ८० अंशांच्या दरम्यान उघडायला लागून ९१ च्या सुमाराला पूर्ण उघडला पाहिजे. बदलायचा असेल तर सुबारूचाच घ्यावा, कारण बाजारातले पुष्कळसे थर्मोस्टॅट आकाराने लहान असतात आणि वीस डॉलर वाचवण्याच्या नादात कूलंट कमी वाहते.

कुठे थांबायचे

द्रव पिवळा झाला की माझ्या गॅरेजातले काम थांबते. या गाडीत हेड गॅसकेटसाठी व्यवहारात इंजिन उतरवावे लागते, हेड मशीनशॉपमध्ये सपाट करून घ्यावी लागतात, आणि चालणारा वाकडेपणा माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. सुबारूची टर्बो इंजिने नेहमी बांधणाऱ्या मेकॅनिककडेच ते द्यावे आणि चार-पाच हजार डॉलर धरून चालावे. गॅसकेट बंद करतो म्हणणाऱ्या बाटलीतल्या औषधाने रेडिएटर आणि हीटर तुंबतात, गॅसकेट तसेच राहते.

पाण्याच्या पंपापाशीही थांबावे, निदान पहिल्या वेळी. तो टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालतो, आणि बेल्ट एखादा दात चुकून बसला तर या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. एसीचा कंडेन्सर हलवायचा असेल तर आतला वायू हवेत सोडणे बेकायदा आहे. तो परवानाधारक दुकानातून काढून घ्यावा. आणि एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, तर रेडिएटरच्या चौकटीजवळचे धडकेचे सेन्सर आणि त्यांच्या पिवळ्या आवरणातल्या तारा यांना मल्टिमीटर लावू नये. ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे.

विकत घेण्यापूर्वी

एसटीआय अजून घेतलेली नसेल तर यातली बहुतेक परीक्षा आधीच घेता येते. लिलावाच्या यादीत ‘सुरू होते आणि चालते’ असा शेरा असला, तर त्याचा अर्थ एवढाच की आवारात आली तेव्हा ती सुरू झाली आणि गिअरमध्ये घातल्यावर हलली. समोरून ठोकलेल्या गाडीत हा शेरा वाचून मला उलट धास्ती वाटते, कारण रेडिएटर फुटलेला असताना ती प्रत्येक वेळी कूलंटशिवायच सुरू केली गेली असणार. रेडिएटर फुटलेला आणि इंजिन सुरू न होणारी गाडी मी थोडे जास्त पैसे देऊनही घेईन.

दुरुस्त होऊन रीबिल्ट टायटल (सॅल्व्हेज गाडी पुन्हा रस्त्यावर आल्याची नोंद असलेले मालकीपत्र) मिळालेली गाडी असेल, तर न्यू जर्सीच्या मोटार वाहन आयोगाची तपासणी तिने पार केलेली असते. मात्र तिथे मुख्यतः गाडी आणि तिचे सुटे भाग चोरीचे नाहीत ना, हे पाहिले जाते, इंजिन तापते का हे नव्हे. विक्रेत्याकडे धडकेच्या वेळचे फोटो आणि भागांच्या पावत्या मागाव्यात. पावत्यांत रेडिएटर असेल पण पोटाखालचे आवरण, फोमच्या पट्ट्या आणि कूलंट नसेल, तर काम कसे झाले आहे ते समजते. एनआयसीबी या विमा-फसवणूक रोखणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून सॅल्व्हेजची नोंद फुकट पाहता येते. एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना कधीकधी गळून पडलेला असतो, म्हणून ‘क्लीन टायटल’ म्हणणाऱ्याच्या गाडीचाही क्रमांक टाकावा.

पाहायला जाताना विक्रेत्याला गाडी आधी सुरू करू नका म्हणून सांगावे आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून ती थंड असल्याची खात्री करावी. सुरू केल्यापासून दोन-तीन मिनिटांतच, थर्मोस्टॅट उघडण्याच्या कितीतरी आधी, वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, ज्वलनाचा आहे. तसे झाले नाही, तर रीडर लावून एसीसह पंचवीस मिनिटे जागेवर चालू द्यावी, कागद धरावा, मग महामार्गावर नेऊन आणावी आणि परत आल्यावर बाटलीतली पातळी कुठे आहे त्यावर खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुणेचा फोटो पाठवायला सांगावे. विक्रेत्याने त्याला नकार दिला तर मी परत जात नाही.